एकाच मडक्यातली लस

प्रिय एल्विया,

तुझ्या साहेबांचा निरोप काल आरोग्यकेंद्राच्या रेडिओवर आला. अभ्यास बंद, उरलेल्या बाटल्या परत पाठवा. काय झालं ते तुला कळलं असेलच, पण कुणाच्या हातून झालं ते नसेल कळलं. आपल्या आईच्या.

मी सगळं तू सांगितलंस तसंच केलं होतं गं. बायांना बसवून समजावलं, की पोटातल्या साध्या जंतूंच्या अंगावर एल्वियाने काविळीच्या विषाणूची खूण चढवलीय, ते प्यायले की शरीर तो विषाणू ओळखायला शिकतं. नदीच्या एका काठावरच्या मुलांना हे जंतू मिळतील, दुसऱ्या काठावर नुसतं गोड पाणी. कुणाला काय, हे मलाही ठाऊक नाही. बायांनी माना डोलावल्या. आई मात्र उसळली, "म्हणजे निम्म्या लेकरांना फसवायचं? हेच शिकायला गेली होती का ती लिमाला?" तुलना केल्याशिवाय गुण कळत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

बाटल्या घरोघरी ठेवायच्या आणि पहाटे उपाशीपोटी पाजायच्या, असं ठरलं होतं. आईने होडी काढली, दोन्ही काठांवरच्या बाटल्या गोळा केल्या आणि मसातोच्या मडक्यात ओतून मोकळी झाली. कसाव्याचे कंद आंबवून केलेला मसातो कुणी एकट्याने पितं का, मग लस तरी का प्यावी, असं तिचं म्हणणं. एकच वाडगा सगळ्या पोरांत फिरला. मी पोचले तेव्हा ती ओठांवर उमटलेल्या मसातोच्या पांढऱ्या मिशा पुसत होती. तुझ्या इतक्या वर्षांच्या कामाचा असा काला झाला.

रागवायचं म्हटलं तरी अंगात जोर नाही. रोज कुणीतरी दारात येऊन विचारतं, "निल्दा, आता आमची पोरं वाचली ना?" मी काय सांगणार? आता तर तूही सांगू शकणार नाहीस.

पण मी लिहितेय ते यासाठी नाही. बाटल्या ओतल्या तेव्हाच आईचे डोळे पिवळे झाले होते. आता पोट फुगलंय, पाय सुजलेत. आपला भाऊ गेला, तेव्हा त्याचं झालं होतं तसंच. आजार तिच्या अंगात जुना आहे, तुझे जंतू तिच्या कामाचे नाहीत, आणि हे तिला माहीत आहे. तुला कळवू का विचारलं, तर म्हणाली, "नको. तिचं काम चाललंय, मध्येच उठवू नकोस." आता ते काम राहिलेलं नाही. ये.

तुझीच,
निल्दा