मटाराच्या भाजीत दाणे कमी का

सूनबाई,

पिटुकल्याला घेऊन केस कापायला गेलो आहे. ओट्यावर आम्ही दोघांनी केलेली मटाराची भाजी झाकून ठेवली आहे, मीठ त्यानेच घातलंय. भाजीत बटाटाच जास्त आहे, कारण निम्मे दाणे कढईपर्यंत पोचलेच नाहीत. सोलताना माझी पाठ वळली की हा मूठभर तोंडात टाकायचा. मीही मग सारखी पाठ वळवत राहिलो. वर मलाच म्हणतो, "आजोबा, शेंगा पोकळच होत्या."

काल त्याने हिरवं सगळं ताटाबाहेर काढलं आणि तू न जेवता उठलीस, म्हणून मुद्दाम लिहितोय. आम्ही आलो की शाबासकी देऊ नकोस, नाहीतर गडी परत तोंड मिटेल. मलाच म्हण, "बाबा, भाजीवाल्याने फसवलं तुम्हाला, उद्या दुप्पट आणा." हसू आलं तर फ्रीजमध्ये डोकं घाल.

बाबा