शर्यत सुरू करणे सोडून

३ नोव्हेंबर, सकाळ

आज मैदानावर रक्त सांडलं. थोडंसंच. गोळाफेक शिकवणाऱ्यांचा गोळा लांब उडीच्या वाळूत येऊन पडला, आणि वाळूत मुलं होती. उडीवाले वाळू सारखी करायचं दाताळं घेऊन धावून गेले. गोळावाल्यांनी त्यांना दाताळ्यासकट उचललं आणि कमरेपर्यंत वाळूत रोवलं. उडीवाले म्हणजे उडीचे प्रशिक्षक, आणि आमच्या क्लबचे सेक्रेटरीही. रोवलेल्या अवस्थेतच त्यांनी तातडीची सभा बोलावली.

भांडण मीच सोडवलं. छत्रीचं टोक वापरावं लागलं. गोळावाल्यांच्या पोटरीला किंचित लागलं असेल.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

सभा. प्रशिक्षकांनी कसं वागावं याचे नियम करायचं ठरलं. लिहिणार कोण, म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी एकटीच, अक्षर वळणदार, आणि स्वभाव शांत.

नियम मोडणाऱ्याची शिट्टी जमा होणार. म्हणजे त्याला मैदान बंद. मला बाई काळजी नाही. माझ्या धावण्याच्या गटात बारा वर्षांखालच्या मुली आहेत, आणि त्यात माझी नात, भिंगरी. ती पळते तेव्हा पाय जमिनीला लागतात की नाही, कळत नाही. तिला पळताना बघायचं म्हणूनच मी या वयात पहाटे उठते. शिट्टी मी मरेपर्यंत सोडणार नाही.

५ नोव्हेंबर

पहिला नियम: प्रशिक्षकाने हात उचलू नये.

गोळावाले म्हणाले, मॅडम, मग गोळा काय पायाने फेकून दाखवू? उचलली जीभ लावली टाळ्याला. उडीवाल्यांनी मात्र मुद्द्याचं विचारलं. स्पर्धेत स्टार्टर तुम्हीच असता, मग पिस्तूल काय कमरेशी धरून उडवणार? मुद्दा बरोबर होता म्हणून फार राग आला. तिथल्या तिथे वाक्य सुधारलं: शर्यत सुरू करणे सोडून प्रशिक्षकाने हात उचलू नये.

टाळ्या पडल्या. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरना हे वाक्य आवडलं असतं. काय त्यांची ती पांढरीशुभ्र कडक कॉलर, हाताला साबणाचा वास! त्यांच्या लाकडी पट्टीला पितळेची कड होती. उन्हात चमकायची. बोटांच्या पेरांवर बसली की डोळ्यांपुढे काजवे, आणि मग लगेच त्या खिशातून पेपरमिंटची गोळी काढून द्यायच्या. असं प्रेम आता राहिलं नाही. माझ्याही खिशात पेपरमिंट असतात.

८ नोव्हेंबर

नियम लागू. दिवस उत्तम गेला. कुणीही कुणावर हात उचलला नाही.

एका मुलीला पाठीवर शाबासकी दिली तर ती ट्रॅकवर तोंडावर आपटली. बॅलन्स कच्चा आहे. दोन्ही गुडघे सोलले. मी स्वतः धुतले, फुंकर घातली, औषध लावलं. लावताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग पेपरमिंट.

संकल्प: उद्यापासून शाबासकी हळू.

१२ नोव्हेंबर

स्टार्टिंग ब्लॉकमधून उठायला मुली उशीर करतात. एकेकीला मागून धपाटा दिला, लगेच सुटल्या. हा धपाटा म्हणजे शर्यत सुरू करण्याचाच भाग. नियमात बसतो. नियम मीच लिहिलाय, मला नाही कळणार तर कुणाला?

शेवटच्या लेनमधली लबाड मुलगी म्हणाली, बाई, पेपरमिंट आधीच देऊन ठेवा ना. हुशार आहे. तिला दोन दिल्या. आणि गोळीच्या आधी जे द्यायचं असतं तेही, दोनदा.

१५ नोव्हेंबर

त्या लबाड मुलीची आई आली. मुलीचा कान लाल का, म्हणे. मी शांतपणे समजावलं, की कानाच्या पाळीवर दाब दिला की फुफ्फुसं उघडतात. ती म्हणाली, मग तुमचीही उघडू का? आणि खरंच माझ्या कानापर्यंत पोचली! मी तिची पर्स धरली, तिने माझी वेणी. पर्सचा पट्टा तुटला. वेणी मजबूत आहे, लहानपणापासून तेल लावलंय.

उडीवाल्यांनी दोघींना ओढून वेगळं केलं. मॅडम, एका हाताने टाळी वाजत नाही, असं त्या बाईंसमोर मला म्हणाले. त्यावर मागून गोळावाले: टाळी नाही वाजत, पण यांच्या एका हाताने बाकी बरंच काही वाजतं.

संकल्प: गोळावाल्यांकडे दुर्लक्ष करणे.

१६ नोव्हेंबर

गोळावाल्यांचा पुढचा दात पडला.

झालं असं. मी मुलींना रिलेची बॅटन कशी द्यायची ते दाखवत होते. भिंगरीच्या हातातून ती सारखी निसटत होती. माझा आवाज जरा चढला. तर हा माणूस वीस पावलांवरून ओरडतो, मॅडम, हात खाली! सगळ्या मुलींसमोर. मी हात उचललाच नाही. खालून, कमरेच्याही खालून बॅटन सोडली. इतकी सरळ जाईल असं मला वाटलं नव्हतं. शाळेत मी थ्रोबॉलची कॅप्टन होते, ते अजून अंगात आहे म्हणायचं.

माणूस एवढा मोठा, डोंगरासारखा, आणि दात ओंजळीत घेऊन मटकन खाली बसला. सदऱ्यावर रक्ताचा ओघळ. मुली किंचाळल्या. मी रुमाल दिला. पेपरमिंटही दिली, पण ती त्याला चावता येईना.

१६ नोव्हेंबर, दुपार

आमची सून दातांची डॉक्टर, हे एक बरं. गोळावाल्यांना तिच्याकडेच नेलं. ती हातमोजे चढवत म्हणाली, आई, माझा दवाखाना व्यवस्थित चालतोय, तुम्ही गिऱ्हाईकं आणून देऊ नका. गोळावाल्यांना हसू आलं, त्यामुळे आणखी रक्त आलं.

मग मला बाहेर बोलावून म्हणाली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणखी एक तक्रार आली तर भिंगरीला मी पोहायला घालणार. मी म्हटलं, अगं, भिंगरीला मी कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. ती म्हणाली, आणि परवाचा गाल? परवा भिंगरीच्या गालावर डास होता. सून म्हणाली, एवढ्या थंडीत? आणि पाच बोटांचा?

वादात अर्थ नव्हता.

गोळावाल्यांनी तक्रार केली नाही. बॅटन वाऱ्याने उडाली, असं उडीवाल्यांना सांगितलं म्हणे. माणूस वाईट नाही.

२० नोव्हेंबर

ह्यांच्या पाठीचं काहीतरी बिघडलंय. मी माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, तर हे खुर्चीत एकदम खाली वाकले. पेपर जमिनीवर. विचारलं तर म्हणाले, काही नाही, सवयीने. सवयीने कुणी वाकतं का? मणका असणार. या वयात जपायला हवं. २९ची डॉक्टरांची वेळ घेतली. हे नको नको म्हणत होते. पुरुषांना डॉक्टरांची भीतीच फार.

२२ नोव्हेंबर

आठवडाभर एकही धपाटा नाही. गरजच पडली नाही. माझ्या पद्धतीला फळ आलंय. मी नुसता घाम पुसायला हात वर नेला तरी सगळ्या मुलींच्या माना झटकन खाली जातात, खांदे आत, कोपर गालाशी. वॉर्म-अपमध्ये मानेचे व्यायाम घेते त्याचा हा परिणाम. काय ती लवचिकता! आमच्या वर्गातही हेच होतं. सिस्टरनी फळ्यावर लिहायला हात वर केला, की आम्ही सगळ्या एकदम खाली बघायचो. त्याला रेव्हरन्स म्हणतात.

माझी उजव्या हाताची दोन बोटं थंडीत अजून सरळ होत नाहीत. पण अक्षर बघा!

२७ नोव्हेंबर

उद्या आंतरक्लब स्पर्धा. बाहेरचे तीन क्लब येणार. मुलींचे छातीवर लावायचे कापडी नंबर इस्त्री करून ठेवले. भिंगरीच्या बुटांच्या नाड्या धुतल्या. तिची वेणी घातली. मी विचारलं, घाबरलीस का गं? म्हणाली, पळायला नाही घाबरत, आज्जी. मग कशाला, ते विचारणार होते, तेवढ्यात दूध उतू गेलं.

सून उद्या दवाखाना बंद ठेवून येणार आहे. हेही येणार. बघू देत तिला. भिंगरी पहिली आली की पोहण्याचा विषय संपला.

२८ नोव्हेंबर, दुपार

शंभर मीटर, बारा वर्षांखालच्या मुली, अंतिम फेरी. सहा लेन. आमच्या तीन मुली, बाहेरच्या तीन. भिंगरी तिसऱ्या लेनमध्ये. स्टार्टर मी.

ऑन युवर मार्क्स म्हटलं. सगळ्या छान बसल्या. सेट म्हटलं आणि पिस्तूल घेऊन हात वर केला.

आमच्या तिघी खाली वाकल्या. मान आत, कोपर गालाशी. पिस्तूल वाजलं. बाहेरच्या तिघी पळाल्या.

परत बोलावलं. लोक हसले. मीही हसले. पुन्हा ऑन युवर मार्क्स. पुन्हा सेट. मी हात अगदी सावकाश वर नेला, एखाद्या सशाजवळ जावं तसा. भिंगरीने डोळे घट्ट मिटले होते. दोन्ही हातांनी गाल झाकले होते. लाइनीजवळ झेंडा घेऊन उभे असलेले गोळावाले, तेही वाकले. आणि समोर बाकावर हे.

हसणं थांबलं. बाकावर ह्यांच्या शेजारी सून बसली होती. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पिस्तूल मी उडवलंच नाही. किती वेळ उभी होते, माहीत नाही. हात वरच राहिला होता, खाली कसा घ्यायचा ते सुचेना. उडीवाले आले. माझा हात धरून हळूच खाली घेतला आणि पिस्तूल काढून घेतलं.

मग त्यांनी हात वर केला. आमच्या तिघी ताठ. नजर समोर.

भिंगरी पहिली आली. मला मागून दिसलं. स्टार्टरच्या जागेवरून पाठच दिसते.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ

शिट्टी कुणी मागितली नाही. मीच उडीवाल्यांच्या टेबलावर ठेवून आले. ते म्हणाले, मॅडम, नियमाप्रमाणे तुम्ही शर्यत सुरू करायलाच हात उचलला होता. मी म्हटलं, शर्यत कुठे सुरू झाली?

गोळावाले दारापर्यंत सोडायला आले. नव्या दाताने शीळ वाजते बोलताना. म्हणाले, नियमात ‘गोळा फेकणे सोडून’ तेवढंही लिहून द्या, अक्षर तुमचंच हवं.

घरी आल्यावर भिंगरी जवळ आली. मी दोन्ही हात पाठीमागे धरून बसले होते. तिने हात पुढे ओढला, मूठ उघडली आणि तळव्यावर पेपरमिंट ठेवली. आपल्याकडे लागल्यावर देतात ना, म्हणाली.

सोमवारपासून ती पोहायला जाणार आहे.

२९ नोव्हेंबर

ह्यांच्या मणक्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांची वेळ रद्द केली.