करार क्रमांक ४८

२ मे, सकाळी ९.१०
नवी वही. जुन्या वहीत संकल्पच इतके झाले की कामाला पान उरलं नाही. ही फक्त कामाची.

स्वतःलाच पुन्हा सांगतो, म्हणजे हुरूप येतो. सरकार परदेशांशी जे करार करतं, ते सगळे आमच्या विभागात येतात. आम्ही ते मूळ प्रतीशी ताडून पाहतो, क्रमांक देतो, सरकारी करारमालिकेत छापतो आणि सूचीत चढवतो. सह्या करणारे फोटो काढून निघून जातात. करार खऱ्या अर्थाने जगात आणतो तो मी. वरिष्ठ सूचिकार, वर्षं एकोणतीस.

चाळीसपर्यंतचे छापून झालेत. संकल्प: रोज एक करार. सुरुवात क्रमांक ४१ पासून.

२ मे, दुपारी ४
४१ उद्या. आज पेन्सिलींना टोकं केली. दहाही.

४ मे
लेकीला नोकरी लागली. शेजारच्या देशात, मोठ्या हॉस्पिटलात, नर्स म्हणून. १ जूनला हजर व्हायचंय. त्यांना एकच कागद हवा आहे. दोन्ही देशांनी एकमेकांच्या नर्सिंगच्या पदव्या मानायच्या असा करार गेल्या वर्षी झाला, त्याची छापील प्रत, क्रमांकासकट. हे तुमच्याच ऑफिसातलं ना, असं लेकीने विचारलं. मी म्हटलं, ऑफिसातलं कसलं, माझ्याच टेबलावरचं. त्यावर हिने माझ्याकडे चक्क कौतुकाने पाहिलं. लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा.

५ मे
करार सापडला. गठ्ठ्यात खालून दुसरा, चारच पानं. रांगेत त्याचा नंबर ४८.

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या की चार पानं तर आहेत, आजच छापायला देऊन टाका. मी त्यांना समजावलं. क्रमांक करार अंमलात आल्याच्या तारखेप्रमाणे पडतात. चाळीसनंतर एक्केचाळीसच येतो. स्वतःच्या मुलीसाठी रांग मोडणाऱ्यांतला मी नव्हे. मॅडम म्हणाल्या, मग रांग पुढे तरी सरकवा. त्यांना तत्त्व कळत नाही. नोकरीला लागून सहाच वर्षं झालीत.

मधे सात करार, हातात जवळजवळ महिना. वेळच वेळ आहे.

८ मे
४१ हाती घेतला. सरहद्दीवरच्या तळ्यातल्या मासेमारीचा करार. कोणी कुठपर्यंत जाळं टाकायचं ते परिशिष्टातल्या नकाशात पाहावं, असं लिहिलंय. नकाशा नाही. नकाशाशिवाय छापला तर पुढच्या पिढ्या मला काय म्हणतील? शोध सुरू.

९ मे
नकाशा शोधता शोधता कपाट आवरायला काढलं. उद्या संपेल.

१३ मे
कपाट संपलं नाही.

१४ मे, सकाळी १०.४०
नकाशा सापडला. साहेबांच्या टेबलावर, काचेखाली. निळं तळं, हिरवे काठ. साहेब त्यावर चहाचा कप ठेवतात, बरोबर सरहद्दीवर.

फक्त मागायचा. उद्या मागतो.

१५ मे
साहेब घाईत होते.

१६ मे
साहेब निवांत होते. क्वचित निवांत बसलेल्या माणसाला कशाला त्रास द्या?

१९ मे
विषय काढला. म्हटलं, साहेब, काचेखालचं चित्र छान आहे. साहेब खूश झाले. टेबल उघडंबोडकं वाटत होतं, म्हणून तुमच्याच गठ्ठ्यातून उचललं, म्हणाले. मग ४१चं काय झालं, अशी विचारणा केली. परिशिष्टाबाबत सखोल तपास चालू असल्याचं सांगून मी बाहेर आलो. एकूण चर्चा सकारात्मक.

२० मे
हॉस्पिटलचं पत्र आलं. २८ तारखेपर्यंत कागद मिळाला नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला तरी देणार. जेवताना लेकीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून म्हटलं, चाललंय. ही म्हणाली, चाललंय म्हणजे कुठे चाललंय, पाय फुटलेत का त्याला?

सरकारी कामातलं हिला काही कळत नाही.

२१ मे
नवी योजना. ४२ ते ४७ आधीच तयार करून ठेवायचे. नकाशा आला की सगळे धडाधड.

२२ मे
४२ वाचायला घेतला. टपालाची पार्सलं. दुपारी डोळे मिटून त्यातल्या कलमांवर विचार केला. मॅडम म्हणतात, घोरण्याचा आवाज येत होता. पंखा असेल.

२३ मे
साहेबांकडे नकाशा मी मागू का, दोन मिनिटांचं काम आहे, असं मॅडमनी विचारलं. मी ठाम नकार दिला. ज्याचं काम त्यानेच करावं. एवढ्या तेवढ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं माझ्या स्वभावात नाही.

२६ मे
ठरलं. उद्या मागणारच. आरशासमोर वाक्य म्हणून पाहिलं. दोनदा फार छान जमलं.

२७ मे
साहेब तीन दिवस रजेवर. केबिनला कुलूप.

घरी आलो. लेकीच्या खोलीत बॅग उघडी होती, निम्मी भरलेली. तिचा पांढरा गणवेश घडी करून वर ठेवला होता. खरं लिहायचं तर मला जरा हायसं वाटलं. का, ते लिहीत नाही. ही कामाची वही आहे.

२८ मे, संध्याकाळी ७
आज शेवटचा दिवस. तत्त्वासाठी कधी कधी किंमत मोजावी लागते, यावर लेकीशी दोन शब्द बोलायचे ठरवून घरी गेलो. सुरुवात चांगली झाली होती. मधेच तिने सांगितलं की कागद गेल्या आठवड्यातच पाठवलाय आणि हॉस्पिटलचा होकारही आलाय.

कुठून मिळाला, म्हणून विचारलं. तर म्हणे, करारावर सह्या दोघांच्या असतात, म्हणजे छापणारेही दोन असणार, असं तिच्या मनात आलं. शेजारच्या सरकारची सूची उघडली, नर्स हा शब्द टाकला. त्यांनी तो करार सहीनंतर नवव्या दिवशीच छापलाय.

एकोणतीस वर्षांत माझ्या मनात हे कधी आलं नाही.

मला वाईट वाटेल म्हणून मायलेकींनी आठवडाभर गप्प राहायचं ठरवलं होतं. मी प्रत पाहिली. त्यांनी समास फार कमी सोडलाय.

३१ मे
लेकीला गाडीत बसवून आलो. वेळेवर जेवत जा, गोळ्या विसरू नका, असं तिनेच मला सांगितलं. मला बरंच काही सांगायचं होतं. तिथल्या सूचिकाराला नमस्कार सांग, एवढंच म्हटलं. गाडी सुटल्यावर ही रडली. मी गाड्यांचं वेळापत्रक वाचत उभा राहिलो. एक अक्षर दिसत नव्हतं.

२ जून
साहेबांनी स्वतःहून नकाशा आणून दिला. त्यांना टेबलासाठी नातवाचा फोटो मिळालाय. आता ४१ला अर्धा तास पुरे. मग ४२. या वेगाने आठवड्याभरात ४८लाही क्रमांक पडेल. मॅडम म्हणाल्या, चला, सुटलात एकदाचे. मी नकाशा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं.

घाई नाही. नियम असा आहे की जो करार आमच्या मालिकेत छापला नाही, तो आमच्या नोंदीत झालेलाच नाही. म्हणजे इथली कोणतीही नर्स तिकडे जाऊच शकत नाही. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे लेक अजून घरातच आहे.

घरी आल्यावर हिला हे नीट समजावून सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, असं असेल तर मारा की तिला हाक.

मी तोंड उघडलं. मग पाणी प्यायलो.