लेकीला निजवूनच ठेवलंस

माय, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आतापर्यंत राग निवायला हवा होता. नाही निवला.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या दिवसांतली गोष्ट. पावसाचा पत्ता नव्हता, गल्लीत टँकर आला की घागरींवरून भांडणं लागायची, आणि मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आलेली. सकाळी कळा सुरू झाल्या तशी तू मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस. नर्सबाई म्हणाल्या, "पहिलटकरीण हाय, फिरवा जरा तिला. बाळ खाली सरकंल." मी उठलेच होते. कंबर अशी भरून आली होती की उभं राहिलं की तेवढंच बरं वाटायचं. तर तू नर्सबाईंवरच उखडलीस, "फिरायला माझी लेक काय दुष्काळी कामावर आलीया का? न्हाई फिरणार ती!" आणि दंड धरून मला खाटेवर उताणी निजवलंस. दिवसभर. कुशीवर वळायला गेले तरी खांदे दाबायचीस, "हालू नको, बाई." मी रडून सांगत होते, "माय, उठू दे गं, कंबर तुटून राहिली." तू आपली ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसतेस. शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून पोरगी ओढून काढली. आणि तू गल्लीभर सांगत फिरलीस, "लेकीला पाऊलसुद्धा टाकू दिलं न्हाई!" केवढी मिरवलीस गं!

त्याहून चीड याची येते की तुझ्यावर धड चिडताही येत नाही. मोठ्या दुष्काळात, माझ्या धाकट्या भावाच्या वेळी, भरल्या दिवसांची तू औशाच्या रस्त्यावर खडीच्या पाट्या वाहत होतीस. मी तिथंच होते. कळ येते, तू कमरेवर हात ठेवून थांबतेस, आणि मुकादम ओरडतो, "चल, चल, बसायचं न्हाई." तिथंच बाभळीखाली धाकटा झाला. कळा देणाऱ्या बाईला चालवणं म्हणजे तिचे हाल करणं, हे तेव्हापासून तुझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुला मिळाली नाही ती खाट तू मला दिलीस. पण ती तुला हवी होती, मला नव्हती! एकदा विचारलं तर असतंस.

चिमट्यानं ओढलेली तीच पोरगी आज नांदेडच्या दवाखान्यात कळा देते आहे. व्हरांड्यात येरझारा घालते, कळ आली की माझ्या गळ्यात हात टाकून डुलते, ओसरली की पुन्हा चालते. तिचा सगळा भार मानेवर येतो तेव्हा मला तुझा संताप येतो. मलाही असंच तुझ्या गळ्यात पडायचं होतं, माय.

आता जावई तिला फिरवतो आहे, म्हणून हे लिहायला मोकळी झाले. पाठवायचं कुठेच नाही, तेव्हा सांगूनच टाकते. मघाशी तिचं तोंड पिळवटलेलं पाहिलं आणि मी खाटेवरची चादर सारखी करून म्हणाले, "ये बाई, पड जरा." तिनं माझा हात झटकला आणि चालत राहिली. तिचंच बरोबर होतं. पण खरं सांगू? मला तिचा रागच आला.