बोक्याची अक्कलदाढ

३ मार्च, सकाळी ७.१०
संकल्प. मैत्री जपायची. दवाखाना, पेशंट, लोकांचे दात, हे जन्मभर चालायचंच. पण शाळेपासूनचा मित्र एकच, बोका. आजपासून दर रविवारी भेट. म्हणजे भेटच.

९ मार्च, रविवार
दवाखान्यातली खुर्ची वर जाऊन अडकली. मेकॅनिकच्या मागे दिवस गेला. बोक्याला मेसेज: पुढच्या रविवारी नक्की. मैत्रीत फॉर्मॅलिटी नसते.

१६ मार्च, रविवार
दुपारी जरा पडलो. साडेसहाला उठलो. बोका येऊन, तासभर बसून गेला म्हणे. हिने उठवलं नाही. हिचं म्हणणं, दोनदा उठवलं, मी 'पुढचा पेशंट पाठवा' म्हणून कूस बदलली. काहीतरीच!

२० मार्च
बोक्याचे तीन फोन. हातात ड्रिल, घेणार कसे? शेवटी त्याने रिसेप्शनवरच्या बाईंकडून उद्याची अपॉइंटमेंट घेतली. अक्कलदाढ दुखतेय. चला, दात आणि दोस्ती, एकाच खुर्चीत!

२१ मार्च
बोका आला. बसल्या बसल्या म्हणाला, एक सांगायचंय. म्हटलं, आधी आ कर.
वीस मिनिटं मनसोक्त गप्पा! शाळेतले मास्तर, माझी कंबर, नवं एक्स-रे मशीन. बोका मध्ये मध्ये 'आँ, आँ' करत होता. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या. जुनी मैत्री ती जुनी मैत्री.
दाढ ठणठणीत. तरी सगळे दात साफ करून दिले. चूळ भरून तो काही बोलणार, तेवढ्यात पुढचा पेशंट आत. अर्धा तास काही खाऊ नकोस, असं बजावलं. इतकी काळजी कोण करतं हो?

२८ मार्च
बोका परत! आता दुसरी बाजू. गप्पांची चटक लागलीय लेकाला. हिरडी थोडी सुजलेली. भूल देऊन साफ केली. जाताना माझा हात धरून बराच वेळ पुटपुटला. ओठ बधिर, एक अक्षर कळलं नाही. पाठीवर थाप मारून म्हटलं, सेम टू यू.

३० मार्च, रविवार
बघा, शब्द पाळला! स्वतः बोक्याच्या घरी गेलो. कुलूप. शेजारीण म्हणाली, काल सामान गेलं, आज ते गेले. लेकीच्या गावी, कायमचे. आपण कोण? म्हटलं, त्यांचा जिवलग मित्र. ती माझ्याकडे बघतच राहिली.

३१ मार्च
रिसेप्शनवरच्या बाईंना सगळं ठाऊक होतं. बोका बाहेर बसल्या बसल्या त्यांना सांगायचा. तुम्हाला आत सांगतील असं वाटलं, सर, म्हणाल्या. मला रडू आलं. मास्क होता म्हणून निभावलं.
दुपारी दवाखाना बंद ठेवून फोन लावला. म्हटलं, बोक्या, अरे, ऐक ना, माझं काय झालं—
तो म्हणाला, तू आधी आ कर.
वीस मिनिटं तोच बोलला. फोनवर दिसत नाही, तरी मी आ करून बसलो.