प्रत्येक मुलीचा आवाज

सोमवार, ४ मार्च

शाळेची माहितीपुस्तिका माझ्या गळ्यात! मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेला धार आहे." धार आहे म्हणून भाजी चिरायला बसवलं. सगळ्या सुविधा, सगळे उपक्रम, वर एक घोषवाक्य. ख्रिस्ती, पण फार नको. आधुनिक, पण तेही फार नको.

मधल्या सुट्टीनंतर शाळाभर फिरले. गरम पाण्याचा तरणतलाव — हीटर बंद. 'समशीतोष्ण' असं लिहिलं. वेधशाळेचं छप्पर सरकत नाही, त्यामुळे मुली छपराचं निरीक्षण करतात. मनःस्वास्थ्य कक्षाला तर कुलूपच! शिपाईमामा म्हणाले, "मुली आत जाऊन रडायला लागल्या होत्या ना, बाई." नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

घोषवाक्य सुचलं: 'इथे प्रत्येक मुलीचा आवाज ऐकला जातो.' खोटं बोलावं तर असं, सुबक.

मंगळवार, ५ मार्च

जेवताना लेक म्हणाली, "आई, आज प... प..."

"पाणी?" म्हटलं आणि पेला भरून दिला. निमूट प्यायली. मग ताट उचलून गेली.

आमच्याच शाळेत आहे. अडखळते म्हणून वर्गात तिला 'बफरिंग' म्हणतात. सटव्या!

गुरुवार, ७ मार्च

फलकावर वाचलं — संस्थापक दिनाला शाळेच्या चॅपलमध्ये उतारा वाचणार माझी लेक! तिथल्या पाद्रीबाईंनी निवडलंय. फलकाला कळतं, जन्म देणारीला नाही. ही पोर घरी तोंड उघडेल तर शपथ.

आणि लगोलग मोठ्या बाईंनी छायाचित्रकार धाडला. तिला वाचनपीठामागे उभं केलं, रंगीत काचांचा उजेड बरोबर गालावर. तो म्हणतो, "बेटा, बोलू नकोस, नुसतं बोलल्यासारखं कर." घोषवाक्याखाली हाच फोटो जाणार. माझ्या विनोदाला शाळेनं मागे टाकलं.

शनिवार, ९ मार्च

सकाळपासून तालीम. उताऱ्याचा पहिलाच शब्द 'पहाटे'. लिहिणाऱ्याला दुसरी वेळ सापडली नाही! ती पलंगाशी उभी, मी समोर खुर्चीत. अडली की मी शब्द देते. असं करत आम्ही शेवटापर्यंत छान पोचलो. दोघी मिळून.

"जमेल," मी म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

सोमवार, ११ मार्च

चॅपलमध्ये रंगीत तालीम. आम्हा शिक्षकांची जागा पहिल्या बाकावर. लेक उभी राहिली. "प... प..." मागे कुणीतरी खुदकन हसलं. माझ्यानं राहवेना. "पहाटे!" मी बाकावरूनच म्हटलं, चांगलं खणखणीत. तिनं वाचलं. खाली मान घालून, भराभरा.

मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. बघितलंय मी.

मंगळवार, १२ मार्च

फलकावर तिचं नाव खोडलंय. पुढे 'बहुधा विद्यार्थिनी-प्रमुख'. बहुधा!

म्हणजे फोटोला माझी, वाचायला दुसऱ्याची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही कलात्मक प्रकाशयोजनेत.

लेकीला विचारलं, "त्यांनी काढलं ना तुला?" ती म्हणाली, "नाही, मी—" "तू कशाला पांघरूण घालतेस त्यांच्यावर?" मी म्हटलं. दप्तर भरायला लागली. भित्री!

बुधवार, १३ मार्च

गेले मोठ्या बाईंच्या दालनात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हटलं, पुस्तिकेत सुधारणा करते: 'इथे प्रत्येक मुलीचा आवाज छापला जातो.' म्हटलं, तुमचं छप्पर उघडत नाही, तलाव तापत नाही, एक मुलगी जरा अडखळली तर तिला मात्र लगेच सरकवता येतं!

त्या ऐकत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी नाही खोडलं. पाद्रीबाईंना विचारा."

हात झटकायला या बाईकडून शिकावं.

गुरुवार, १४ मार्च

पुस्तिका छापून आली. लेकीचं तोंड उघडं, अगदी बोलल्यासारखं.

शुक्रवार, १५ मार्च

पाद्रीबाई चॅपलमध्ये मेणबत्त्यांचं मेण खरवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "बसा. नाव मीच खोडलं. तिनं सांगितलं म्हणून."

"घाबरली असेल. तो 'प'—"

"'प'ला नाही घाबरत ती. अट घातलीय तिनं. वाचेन म्हणाली, पण आई आत नसेल तर."

मी आत्ता कुठे बाकावर टेकले.

"ती अडली तर मी थांबते," पाद्रीबाई म्हणाल्या. "एवढंच येतं मला." आणि पुन्हा मेण खरवडायला लागल्या.

शनिवार, १६ मार्च

लेकीला म्हटलं, "उद्या संस्थापक दिनाला मी चॅपलबाहेर थांबेन." तिनं मान डोलावली. फलकावर तिचं नाव परत आलंय म्हणे.

रविवार, १७ मार्च

चॅपलबाहेर सायकलींपाशी उभी राहिले. खिडकी उघडी होती. "प... प..." मग काहीच नाही. कुणी हसलं नाही, कुणी शब्दही दिला नाही. माझेच ओठ 'पहाटे' म्हणून मोकळे झाले होते. मग आतून आला तो शब्द, तिचा. अडखळत, रेटत, शेवटापर्यंत वाचलं तिनं.

घरी येताना म्हणाली, "आई, त्या मंगळवारी मला पाणी नको होतं. प... प..."

मी थांबले. पेरू, परीक्षा, पैंजण, पोट — सगळे शब्द जिभेवर आले, गिळले.

"...पाद्रीबाईंनी मला निवडलंय, हे सांगायचं होतं."