संचालकाची प्रत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौपन्न, धंदा गाण्याच्या छापील नोटेशनखाली बसणारी अक्षरे रेखाटणे, पूर्ण शुद्धीत आणि दुसरा चहा झाल्यावर लिहून ठेवतो की, वकिलांनी पाठवलेल्या मसुद्याविरुद्ध माझी तक्रार आहे. मजकूर ठीक आहे. पण तो ज्या टायपात छापला आहे, त्यात 'मृत्यू'चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'वारसा'च्या डोक्यात घुसला आहे. अशा अक्षरात मरायची माझी तयारी नाही. सबब हे सर्व स्वहस्ते, शाईने लिहीत आहे.

परवा, मंगळवारी, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "अगदी रुटीन." त्यांचे असेल. माझे हृदय पहिल्यांदाच उघडते आहे.

हे कागद मी दवाखान्यात दाखल होताच उघडावेत, मी जिवंत असलो तरी. कायद्याला हे चालत नसेल तर कायद्याने याला पत्र समजावे. घाईचे कारण कलम चारमध्ये आहे. ते माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्यांविषयी आहे.

कलम १. राहते घर आणि बँकेत असेल ते सर्व माझ्या पत्नीचे. घर माझ्या नावावर आहे ही तशीही कागदोपत्री अफवाच होती. ते तिच्याकडे यावच्चंद्रदिवाकरौ राहावे. ती विचारील, "अहो, पण त्या कपाटभर खोक्यांचं काय करू?" खोकी तिची नाहीत. सुटली.

कलम २. खोकी, पेने, भिंग आणि 'मोकळी' या माझ्या अक्षरमालेची सर्व रेखाटने मुलीला. तान्ही असताना अशी वळून झोपायची की मी तिला वेलांटी म्हणू लागलो. आता एकोणतीस वर्षांची आहे, ताठ बसते, तरी नाव सुटले नाही.

वेलांटी, मोकळीचे मर्म विसरू नकोस. गाण्याच्या कागदावर सुरांच्या पाच रेघा, त्यांखाली शब्द, आणि आपल्या अक्षरांच्या डोक्यावर पुन्हा रेघ. लांबून ती सहावी रेघ वाटते आणि गाणारा गोंधळतो. म्हणून मोकळीत प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्याला न टेकता थांबते, आणि सुरांच्या रेघांहून अंमळ जाड असते. ही युक्ती माझी म्हणून सगळीकडे सांगितली जाते. ती दादाची आहे.

तो बावीसचा होता, मी सतरा. वडिलांच्या शिलाईच्या दुकानामागची खोली, म्हणजे आजची माझी कामाची खोली. तो ओळ गायचा आणि मी सुराखाली एकेक अक्षर चिमट्याने चिकटवायचो. डिंक वाळेपर्यंत त्याने सूर धरून ठेवायचा, असा नियम होता. आपला दमसास त्यामुळे वाढला असे तो अजून सांगतो, डिंकाला श्रेय न देता. पलीकडून शिवणयंत्र थांबले की समजायचे, वडील ऐकताहेत. त्यांनी कधी तोंडाने वाहवा केली नाही. यंत्र थांबणे हीच त्यांची दाद.

टायप निवडायची आमची रीत अशी. कागद भिंतीला टाचायचा आणि दादाने वाचत वाचत मागे जायचे.

"दिसतंय... अजून दिसतंय... थांब. आता तुझे क आणि फ सख्खे भाऊ झाले."

तिथे मी फरशीवर खूण करायचो. ज्याची खूण सर्वांत लांब, तो टायप जिंकला. मोकळीची खूण अकराव्या पावलावर आहे. त्या दिवशी आम्ही ती दोघांनी मिळून गिरवली, आणि दादाने मला खांद्यावर घेऊन खोलीत फेरी मारली. माझे डोके दिव्याला लागले आणि तो फुटला. तसे सुख पुन्हा मिळाले नाही. दिवाही मिळाला नाही.

कलम ३. छापखान्याच्या मालकांना माझी पोलादी पट्टी. बावीस वर्षांपूर्वी पान भरावे म्हणून त्यांनी माझी अक्षरे आडवी ताणली, आणि जाब विचारला तर म्हणाले, "जरा तब्येत सुधारली, एवढंच." मी तीन वर्षे बोललो नाही. पट्टीसोबत माझी माफीही पोचवावी. ती कशाची, ते पुढे येते.

कलम ४. दादा. आता एकोणसाठ वर्षांचा, चाळीस जणांच्या गायकवृंदाचा संचालक. त्याची प्रत मी वेगळी तयार करतो. सात वर्षांपूर्वी एका नव्या वळणाची परीक्षा घ्यायला तो भिंतीपासून मागे निघाला आणि सहाव्या पावलावर थांबला.

"उजेड कमी आहे रे इथे," तो म्हणाला.

भर दुपार होती. खिडकी सताड उघडी होती.

"हो रे दादा, बल्ब जुना झालाय," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी बल्ब बदलला.

त्या वर्षी त्याच्या प्रतीतली अक्षरे मी किंचित जाड केली, त्यांची पोटे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, उघडली. पुढच्या वर्षी पुन्हा. शाळेत समास सोडवायला शिकलो होतो, इथे पानांचे समास खाल्ले. पण चाळीस जणांचे पान उलटते तेव्हाच त्याचेही उलटेल एवढे सांभाळले. सात वर्षे, सात वळणे. तिसऱ्या खणात 'संचालक १' ते 'संचालक ७' अशी ठेवली आहेत. त्याला यातले काही माहीत नाही. आपली नजर आहे तशी आहे, असेच तो समजतो.

वेलांटीने एकदा विचारले होते, "बाबा, काकांची प्रत एवढी धष्टपुष्ट कशी?"

"थोरल्यांना थोरली अक्षरं."

ती हसली. विषय संपला.

मागच्या हिवाळ्यात तालमीला त्याच्या हाती चुकून एका गायिकेची प्रत आली. तो प्रती पोचवायला आलेल्या छापखान्याच्या मालकांवर सर्वांदेखत कडाडला, "काय ही पुसट छपाई! शाई संपली होती का?" छपाई स्वच्छ होती. मालकांना ते ठाऊक होते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी बुटाची नाडी बांधत राहिलो. माफी त्याची.

सबब वेलांटीने काकांना लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. ते म्हणतील, "मला काय धाड भरलीय? सगळं लख्ख दिसतंय!" तेव्हा एखाद्या गायकाची साधी प्रत त्यांच्यापुढे धरावी आणि गप्प बसावे. 'संचालक ८' काढू नये. काढायचेच झाले तर त्यांनी मागितल्यावर काढावे. मी चोरून दिले तसे नको.

दादाला माझ्याकडून पहिल्या गाण्याची मूळ पाने, डिंकाच्या डागांसकट.

हे सर्व मी कोणाच्या सांगण्यावरून लिहिले नाही. कोणी सांगितले असते तर कदाचित लवकर लिहिले असते.

सही: धाकटा भाऊ, नवरा, बाप, अक्षरे काढणारा
साक्षीदार १: शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. (दोघांनी मजकूर न वाचता सही होताना पाहिली. बाई म्हणाल्या, "निदान शुद्धलेखन तरी तपासू द्या." दिले नाही.)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिवस: रविवार, सकाळ

साक्षीदार गेल्यावर हे लिहितो, म्हणून याला कायद्याचा आधार नाही. काल दादा येऊन तासभर बसला. माझा हात हातात धरून बसला होता. मला सांगता आले नाही. दवाखान्याच्या भिंतीवर एक पत्रक आहे: नजर हळूहळू जाणारे काही आजार लवकर कळले तर थांबवता येतात, गेलेली नजर मात्र परत येत नाही. ते मी तीनदा वाचले. दादाला वाईट वाटू नये म्हणून मी हे करतो, असे सात वर्षे स्वतःला सांगत आलो. खरे म्हणजे त्याने वृंद सोडला तर आमचे एकत्र काम संपेल, याला मी घाबरलो होतो. त्या दुपारी मी "डोळे दाखवून ये" एवढे म्हणालो असतो तर ते कदाचित वाचले असते. मंगळवारची मला भीती वाटते, पण थोडी. दादा माझ्यामुळे आंधळा होईल, याची फार वाटते.